खड्ड्याचा वेग की मातीचा वेग? बांधकामाआधी जागेवर पाझर चाचणी कशी करायची

माझ्या पहिल्या पाझर चाचणीच्या वहीत मी लिहून ठेवलं होतं : 'पाणी तासाला ६०० मिलिमीटर मुरतं.' हाताच्या ऑगरने, म्हणजे मातीत भोक पाडायच्या गिरमिटाने पाडलेलं दहा सेंटिमीटर व्यासाचं भोक होतं. दहा मिनिटांत पाणी ४० सेंटिमीटरवरून ३० वर आलं आणि मी सरळ सहाने गुणून मोकळा झालो. वाचन बरोबर होतं, गुणाकारही बरोबर होता. चुकलं होतं ते 'मुरतं' हे क्रियापद. पाणी तासाला ६०० मिलिमीटर उतरत होतं, माती मात्र तासाला ४० च पीत होती. उरलेला वेग त्या भोकाच्या आकाराचा होता.

नवखा माणूस सर्वांत जास्त वेळा इथेच फसतो. पावसाचं किंवा सेप्टिक टँकचं पाणी जमिनीत सोडायचं असेल तर माती ते किती वेगाने घेईल, हे पाहायची ही चाचणी. ती करणं अवघड नाही. एक खड्डा, पाणी, टेप आणि घड्याळ एवढ्यात ती होते. पण खड्ड्यातलं पाणी उतरण्याचा वेग आणि मातीचा पाणी घेण्याचा वेग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चाचणीच्या सगळ्या पायऱ्या पहिल्यातून दुसरा काढण्यासाठीच असतात.

आधी ठरवा, पाणी सोडायचं कुठे

कुदळ हातात घेण्याआधी आराखडा बघा. पाणी कोणत्या खोलीवर, कोणत्या कोपऱ्यात जमिनीत सोडायचं आहे? चाचणी त्याच खोलीवर, त्याच कोपऱ्यात करायची. वरच्या अर्ध्या मीटरमधली मुळांनी आणि गांडुळांनी भुसभुशीत केलेली माती पाणी घटाघटा पिते. दीड मीटर खाली घट्ट चिकणमातीचा थर असेल तर वरच्या मातीचा आकडा शोषखड्ड्याच्या, म्हणजे पाणी जमिनीत मुरवायच्या खोल खड्ड्याच्या, काही कामाचा नाही. उलट पाणी झिरपू देणारी फरसबंदी करायची असेल तर खोल खड्ड्याचा आकडा निरुपयोगी, तिथे उथळ चाचणी हवी.

आणि तळघराचा खड्डा कोरडा ठेवायला किती पंप लागतील, असा प्रश्न असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही. ते काम भूजलपातळीच्या खालचं. त्याला बोअरमधली चाचणी किंवा पंपिंग चाचणी लागते.

खड्डे किती घ्यायचे? एकावर कधीच थांबू नका. लहान प्लॉटवरही दोन-तीन घ्या. लांब शोषचर (पाणी मुरवायचा चर) असेल तर दर २५ मीटरला एक धरा. दोन खड्ड्यांत दहापट फरक निघाला तरी दचकू नका, जमिनीत ते नेहमीचं आहे. एकच खड्डा घेतला असता तर तो फरक कळलाच नसता, एवढं लक्षात घ्या.

जागा पक्की करताना जमिनीखालच्या केबल, पाण्याच्या आणि गॅसच्या वाहिन्या कुठून जातात ते विचारून घ्या. आधीच्या इमारतींच्या पायांपासून किमान पाच मीटर लांब राहा.

खोदताना डोळे उघडे ठेवा

खोदकाम हीच अर्धी चाचणी आहे. प्रत्येक थराची खोली लिहा, मूठभर माती ओली करून बोटांत चोळा. खरखरली तर वाळू, पिठासारखी गुळगुळीत लागली तर गाळमाती, चिकटली आणि तिची सुतळीएवढी बारीक वळी न तुटता वळता आली तर चिकणमाती. भिंतीचा फोटो घ्या, शेजारी टेप धरून.

एक खूण मला कुठल्याही उपकरणापेक्षा जास्त विश्वासाची वाटते. खड्ड्याच्या भिंतीवर राखाडी आणि नारिंगी-तांबडे ठिपके मिसळलेले दिसले तर त्या थरात वर्षातला काही काळ पाणी साचून राहतं. साचलेल्या पाण्यात हवा मिळत नाही, मातीतल्या लोहाचं रूप बदलतं आणि रंग राखाडी होतो. पुन्हा हवा लागली की तेच लोह गंजतं. म्हणजे तुम्ही कोरड्या हंगामात उभे असलात तरी ओल्या हंगामातली पाण्याची पातळी भिंतीवर रंगवून ठेवलेली असते. शोषखड्ड्याचा तळ भूजलाच्या सर्वांत वरच्या पातळीपासून निदान एक मीटर वर असावा लागतो. ठिपके तळाच्या वर किंवा तळाखालच्या त्या एक मीटरमध्ये दिसले तर चाचणीचा आकडा कितीही चांगला येवो, तिथे शोषखड्डा नको.

भराव लागला, म्हणजे विटांचे तुकडे, प्लॅस्टिक, राख असं काही, तर तिथेही थांबा. भरावात पाणी झपाट्याने मुरतं, पण भिजलेला भराव खचतो.

खड्डा कसा असावा

मोठ्या चाचणीसाठी आयताकृती खड्डा घ्या : लांबी एक ते तीन मीटर, रुंदी ०.३ ते एक मीटर, खोली आराखड्याप्रमाणे. ब्रिटनमधल्या बिल्डिंग रिसर्च एस्टॅब्लिशमेंटच्या डायजेस्ट ३६५ मध्ये ही पद्धत आहे आणि शोषखड्ड्यांसाठी ती बऱ्याच ठिकाणी वापरतात. भिंती उभ्या आणि सरळ हव्यात. पुढचा सगळा हिशेब क्षेत्रफळावर चालतो आणि वेड्यावाकड्या खड्ड्याचं क्षेत्रफळ नीट मोजता येत नाही.

आता सर्वांत जास्त दुर्लक्षित काम. यंत्राच्या बकेटने किंवा फावड्याने ओली चिकट माती कापली की कापलेला पृष्ठभाग लिंपल्यासारखा गुळगुळीत होतो. अंगणाची भिंत सारवावी तसा. या लेपातून पाणी जात नाही, आणि तुमची बऱ्यापैकी माती कागदावर नापास होते. म्हणून भिंती आणि तळ खरवडा. फळीला दोन-चार लांब खिळे ठोकून केलेलं खरवडणं पुरेसं आहे. सुटी माती बाहेर काढा. लहान खड्ड्यात तळाशी पाच सेंटिमीटर जाड वाळू किंवा बारीक खडी पसरा, म्हणजे पाणी ओतताना तळ ढवळून गाळ बसणार नाही.

मोठा खड्डा खरवडायचा तो वरून, लांब दांड्याने. आत उतरायचं नाही. एक घनमीटर माती दीड ते दोन टन भरते, आणि तुम्ही तर तिला मुद्दाम पाणी पाजणार आहात. भिजलेली भिंत न सांगता सुटते. १.२ मीटरपेक्षा खोल, आधार न दिलेल्या खड्ड्यात कोणीही उतरू नये. त्याहून उथळ खड्डाही पाण्याने भरल्यावर मुलांसाठी आणि जनावरांसाठी सापळाच असतो. भोवती कुंपण करा, रात्री झाकून ठेवा.

भिंती ढासळत असतील तर खड्डा सारख्या आकाराच्या खडीने भरा आणि पाणी बघायला मध्ये एक भोकांचा पाइप उभा करा. मग खड्ड्यात पाणी मावतं ते फक्त खडीच्या पोकळीत, साधारण ३० ते ४० टक्के. हिशेबात आकारमान त्या प्रमाणात कमी करायला विसरू नका. नेमका आकडा बादलीभर खडीत मोजून पाणी ओतून काढता येतो.

पाणी भरणं

पाणी स्वच्छ हवं. नाल्यातलं गढूळ पाणी वापरलं तर मातीची छिद्रं तुम्ही स्वतःच बुजवता. आधी लागेल तेवढ्या पाण्याचा अंदाज करा. १.५ मीटर लांब, अर्धा मीटर रुंद आणि एक मीटर पाण्याच्या खोलीचा खड्डा एकदा भरायला ७५० लिटर लागतात. तीनदा भरायचा म्हणजे २,२५० लिटर, शिवाय भरता भरता मुरणारं वेगळं. बागेच्या नळीने हे काम होत नाही. खड्डा भरेपर्यंतच अर्धं पाणी निघून जातं आणि शून्य मिनिट कुठलं हे सांगता येत नाही. टाकी आणि जाड नळी हवी, नळीचं तोंड दगडावर किंवा गोणपाटावर टेकवलेलं हवं.

तीनदा का भरायचा? कोरडी माती पहिलं पाणी दोन कारणांनी ओढते : गुरुत्वाकर्षणाने आणि स्वतःच्या तहानेने, म्हणजे बारीक छिद्रांच्या केशाकर्षणाने. ही तहान एकदाच भागते. त्यातून चिकणमाती भिजल्यावर फुगते, भेगा मिटतात आणि वेग आणखी पडतो. शोषखड्डा लागणार तो पावसाच्या चौथ्या-पाचव्या दिवशी, जमीन आधीच तुडुंब असताना. म्हणून पहिला आकडा फक्त नोंदीसाठी लिहायचा, वापरायचा नाही. एकाच दिवशी किंवा लागोपाठच्या दिवसांत तीनदा भरा. तिसऱ्या वेळीही वेग ठळकपणे घटत असेल तर चौथ्यांदा भरा.

वाचन

खड्ड्यावर आडवी फळी टाकून तिच्यावर एक खूण करा. प्रत्येक माप त्याच खुणेपासून पाण्यापर्यंत घ्यायचं. फळी हलली तर चाचणी गेली, म्हणून तिची टोकं दगडांनी दाबून ठेवा. पाण्याच्या पृष्ठभागावर टेपचं टोक टेकल्याचं नीट कळत नाही, तेव्हा टेपला छोटा खिळा बांधा. तो आणि त्याचं प्रतिबिंब एकमेकांना शिवले की वाचा.

सुरुवातीला दर मिनिटाला, मग दर पाच मिनिटांनी, मग दहा-पंधरा मिनिटांनी. शेवटी लागणार आहेत त्या दोनच वेळा : पाणी ७५ टक्के खोलीवर आलं ती आणि २५ टक्क्यांवर आलं ती. पण मधली वाचनं टाळू नका. आलेखावर रेषा मध्येच वाकली तर कोणत्या खोलीवर थर बदलला ते त्यातूनच कळतं.

पाणी फारच हळू उतरत असेल तर अर्ध्या तासाच्या वाचनावरून रेषा लांबवून '२५ टक्के कधी होईल' हे काढण्याचा मोह होतो. तो आवरा. सुरुवातीचा वेग हा सर्वांत खोटा वेग. चोवीस तासांत पाणी चतुर्थांशावर आलं नाही तर त्या जागेचं उत्तर मिळालं, ते 'नाही' असं आहे. संथ चाचणीत शेजारी पाण्याने भरलेली बादली ठेवा. दिवसभरात बादलीतलं पाणी पाच मिलिमीटर उडालं आणि खड्ड्यातलं सहा उतरलं, तर मातीने घेतला तो एक मिलिमीटर.

हिशेब, एकदा नीट करून बघू

वरचाच खड्डा घेऊ : १.५ बाय ०.५ मीटर, पाण्याची खोली एक मीटर. ७५ वरून २५ टक्क्यांवर यायला लागलेला वेळ पहिल्यांदा ९६ मिनिटं, दुसऱ्यांदा १२८, तिसऱ्यांदा १४०. सूत्र असं :

मातीचा दर = उतरलेल्या पाण्याचं आकारमान ÷ (ओलं क्षेत्रफळ × वेळ)

उतरलेलं पाणी : १.५ × ०.५ × ०.५ = ०.३७५ घनमीटर. ओलं क्षेत्रफळ म्हणजे तळ आणि निम्म्या खोलीपर्यंतच्या भिंती. तळ ०.७५ चौरस मीटर, भिंती ४ मीटर परिघ × ०.५ = २ चौरस मीटर, एकूण २.७५. तिसऱ्या भरणाची वेळ १४० मिनिटं म्हणजे ८,४०० सेकंद. भागाकार केला की सेकंदाला सुमारे १६ मायक्रोमीटर, म्हणजे तासाला ५८ मिलिमीटर. एक मायक्रोमीटर प्रतिसेकंद म्हणजे तासाला ३.६ मिलिमीटर, हे रूपांतर पाठच करून ठेवा. अहवालांत मायक्रोमीटर प्रतिसेकंद हेच एकक 'दहाचा उणे सहावा घात मीटर प्रतिसेकंद' असा येतो.

पहिल्या भरणाचा दर ८५ येतो, दुसऱ्याचा ६४. आपण घ्यायचा तो सर्वांत कमी, ५८. सरासरी नाही.

आता बघा, नुसती पातळी मोजली असती तर? १४० मिनिटांत अर्धा मीटर, म्हणजे तासाला २१४ मिलिमीटर. खऱ्यापेक्षा पावणेचारपट जवळजवळ. कारण पाणी तळातून जातं तसं भिंतींतूनही जातं. खड्डा जितका अरुंद तितका भिंतींचा वाटा मोठा. माझ्या ऑगरच्या भोकाचंच घ्या : त्रिज्या ५ सेंटिमीटर, पाण्याची सरासरी खोली ३५. गोल भोकासाठी पातळीच्या वेगाला 'त्रिज्या भागिले (त्रिज्या अधिक दुप्पट खोली)' ने गुणायचं. ५ भागिले ७५, म्हणजे एक पंधरांश. ६०० चे ४० असे झाले.

छोट्या कामासाठी छोटं भोक

एका घराच्या सेप्टिक टँकच्या शोषचरासाठी इतका खटाटोप लागत नाही. भारतीय मानक २४७० मध्ये दिलेली पद्धत साधी आहे : १० ते ३० सेंटिमीटर रुंदीचं भोक, चराच्या नियोजित खोलीपर्यंत. भिंती खरवडा, तळाशी पाच सेंटिमीटर खडी, तिच्यावर ३० सेंटिमीटर पाणी भरून रात्रभर भिजू द्या. दुसऱ्या दिवशी पाणी खडीवर १५ सेंटिमीटर ठेवून दर तीस मिनिटांनी उतार मोजा, चार तास, दर वेळी पुन्हा १५ वर भरत. शेवटच्या अर्ध्या तासाचा उतार धरायचा. वाळूत पाणी त्याआधीच संपत असेल तर दर दहा मिनिटांनी, एक तास.

इथे उत्तर 'पाणी २५ मिलिमीटर उतरायला किती मिनिटं' असं येतं आणि मानकातला तक्ता थेट त्यावरच चालतो. हा पातळीचाच वेग आहे, ठरलेल्या आकाराच्या भोकातला. तो उचलून पावसाच्या पाण्याच्या हिशेबात मातीचा दर म्हणून घालायचा नाही. दोन पद्धतींची सरमिसळ मी अनुभवी लोकांच्या अहवालातही पाहिली आहे.

फरसबंदीसाठी किंवा मैदानासाठी दुहेरी कड्यांची चाचणी बरी : जमिनीत एकात एक ठोकलेली दोन कडी, आतलं ३० सेंटिमीटर व्यासाचं, बाहेरचं ६० चं, दोन्हींत पाणी एकाच पातळीवर. बाहेरच्या कड्यातलं पाणी बाजूला पसरतं, त्यामुळे आतलं जवळजवळ सरळ खाली जातं. मोजायचं फक्त आतलं. इथे पातळीचा वेग हाच मातीचा वेग.

आकडा पटतो का?

लिहिण्याआधी आकडा मातीशी ताडून पाहा. स्वच्छ खडी आणि जाड वाळूत तासाला हजारो मिलिमीटर, बारीक वाळूत दहांत किंवा शेकड्यांत, गाळमातीत एक आकडी किंवा त्याहून कमी, आणि एकसंध चिकणमातीत अख्ख्या दिवसात एक मिलिमीटरही नाही. चिकणमातीच्या खड्ड्यात तासाला २०० निघाले तर आनंद मानू नका. एखादी भेग असेल, कुजलेल्या मुळाची पोकळी असेल, जुन्या पाइपच्या चरातली वाळू असेल. अशा वेळी खरोखरच कुठेतरी पाणी मुरत असतं. तो खड्डा बाद धरा आणि चार मीटर सरकून दुसरा घ्या.

पाण्याच्या तापमानाचीही नोंद ठेवा. ३० अंशांचं पाणी पातळ असतं, १० अंशांच्या पाण्यापेक्षा दीडपटीहून जास्त वेगाने झिरपतं. उन्हात तापलेल्या टाकीतलं पाणी वापरून थंड हंगामाचा हिशेब केला तर फरक पडतो.

मग या ५८ चं करायचं काय

आधी कमी करायचं. खड्डा वर्षानुवर्षं गाळ खाणार, म्हणून सुरक्षेसाठी भागायचं. अंगणात पाणी साचून नुसती गैरसोय होणार असेल तर १.५ किंवा २ ने, घरात शिरणार असेल तर त्याहून बरंच जास्त. आपण २ ने भागू : तासाला २९.

१०० चौरस मीटर छपरावर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला तर पाणी आलं पाच घनमीटर. शोषखड्डा धरा ५ मीटर लांब, १ रुंद, १.२ खोल, खडीने भरलेला. तळ लवकर गाळाने बुजतो, म्हणून रचनेत तो मोजत नाहीत. फक्त भिंती, त्याही निम्म्या खोलीपर्यंत : १२ मीटर परिघ × ०.६ = ७.२ चौरस मीटर. तासाला मुरेल ०.२१ घनमीटर. पाचातले ४.८ घनमीटर तासाच्या शेवटी खड्ड्यातच हवेत, आणि खडीच्या पोकळ्यांत (३५ टक्के धरून) मावतात २.१. खड्डा उतू जाणार.

नवख्यांना इथे धक्का बसतो. माती बरी आहे, अर्धा खड्डा पाच तासांत रिकामा होतो, जो चोवीस तासांच्या नेहमीच्या मर्यादेच्या पुष्कळ आत आहे. तरी खड्डा अपुरा, कारण जोराच्या पावसात शोषखड्डा आधी टाकी असतो, मग पाझर. खडी वापरायची तर तेरा-चौदा घनमीटरचा खड्डा लागेल, किंवा खडीऐवजी पोकळ ठोकळे.

दर फार जास्त निघाला तरी सावध. खडीतून सेप्टिक टँकचं पाणी इतकं झटपट खाली जातं की गाळलं जाण्याआधीच भूजलात मिसळतं. आणि उताराच्या कडेला किंवा चुनखडीवर पाणी एका जागी सोडण्याआधी भूतंत्रज्ञाला, म्हणजे माती आणि पायांच्या इंजिनिअरला विचारा. चाचणी उत्तम निघूनही जमीन सरकू शकते किंवा विरघळून पोकळ होऊ शकते.

खड्डा बुजवताना

वहीत तारीख, आधीच्या आठवड्याचा पाऊस, खड्ड्याची मापं, खरवडला की नाही, पाणी कुठलं, भूजल लागलं का, आणि सगळी कच्ची वाचनं ठेवा. फक्त अंतिम आकडा ठेवलात तर सहा महिन्यांनी तो खड्ड्याचा की मातीचा हे तुम्हालाही सांगता येणार नाही.

उरलेलं पाणी उपसून काढा. मग माती वीस-पंचवीस सेंटिमीटरच्या थरांनी टाका आणि प्रत्येक थर धुमसाने ठोका. तरीही ती जागा आजूबाजूच्या न खणलेल्या जमिनीइतकी घट्ट होत नाही. खड्ड्याचे चारही कोपरे मोजून आराखड्यावर काढा आणि पायाचं डिझाइन करणाऱ्याला पाठवा, म्हणजे तिच्यावर तो कॉलम उभा करणार नाही.